नाव सांगून बाहेर ये

स्टुडिओतून फोन आला तेव्हा भाची गच्चीवर कपडे वाळत घालत होती. काम तसं नेहमीचंच. एका गेममधले थोडे आवाज राहिलेत, दुपारी येऊन देऊन जा. बरं म्हणाली. लेकीला शाळेला सुट्टी होती, तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं, कोमट पाण्याची बाटली भरली, एक केळं खाल्लं आणि हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. आवाजाची कामं करणाऱ्या बायका अशाच निघतात. माइकपुढे बांगडी किणकिणते, रेशमी कापड सळसळतं, आणि रिकामं पोट तर असं बोलायला लागतं की विचारू नका. म्हणून अंगावर सुती कपडे आणि पोटाला आधार.

भाची हे काही तिचं नाव नव्हे. मावशीबरोबर पहिल्यांदा स्टुडिओत आली तेव्हा कुणीतरी विचारलं, ही कोण, मावशीची भाची का? तेच चिकटलं. नात्यानं ती मावशीची कुणीच नव्हती, पण सख्ख्या भाचीला कुणी शिकवणार नाही इतकं मावशीनं तिला शिकवलं होतं. आणि त्या मावशीला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

आता ही मावशी कोण, ते सांगायला हवं. तुम्हाला ती माहीत नाही म्हणता, तिथंच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, ती रोज संध्याकाळी तुमच्या घरात बोलायची. लुडबुड्या आठवतो ना? ते कार्टूनमधलं खारीचं पिल्लू, नको तिथं नाक खुपसणारं, स्वतःच्याच शेपटीत पाय अडकून पडणारं? तो लुडबुड्या म्हणजे मावशी. पांढऱ्या केसांची, गुडघे धरून जिना चढणारी, चष्म्याला दोरी बांधणारी बाई.

लुडबुड्याचं खोटं रडणं वेगळं, खरं रडणं वेगळं, आणि खोटं रडता रडता खरंच रडू यायला लागलं की मधेच जो आवाज चिरकतो, तो आणखी वेगळा. तोंडात खाऊ कोंबून बोलायचं असलं की मावशी रुमालाचा बोळा गालात धरायची. पिल्लू बुडत असलं की पाण्याचा घोट घशाशी अडवून, मान वर करून बोलायची, आणि माइकवर एक थेंब उडायचा नाही. दमलेलं पिल्लू हवं असलं की गुडघेदुखी विसरून जागच्या जागी पळायची, तेही पाय न वाजवता. चित्रं काढणाऱ्यांनी त्या पिल्लाला शेपटी दिली, कबूल. जीव दिला तो मावशीनं.

आणि शेवटी सगळ्यांच्या नावांची पाटी सरसर वर सरकायची. तीत चहावाल्याचं नाव होतं. असू दे, चहा लागतोच. कार्टून काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांच्या कुत्र्याचं नाव होतं, 'विशेष आभार' म्हणून. मावशीचं नव्हतं. भाचीच्या लेकीला वाचता यायला लागलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, "आई, मावशीआजीचं नाव कुठंय?" भाची म्हणाली, येईल गं. मावशी तिथंच बसलेली, नुसती हसली. तिला कधी राग यायचा नाही. भाचीला नेमकं तेच सहन व्हायचं नाही.

एका बाबतीत मात्र मावशी कुणाच्या बापाला ऐकायची नाही. लुडबुड्याचे गेम निघायला लागले आणि त्यांच्यासाठी मरणाचे आवाज द्यावे लागायला लागले. फांदीवरून पडला, ओढ्यात बुडाला, बोक्यानं धरला. पोरं खेळतात, पिल्लू मरतं, पुन्हा उठतं, पोरं पुन्हा खेळतात. पण ती किंकाळी कुणीतरी बंद खोलीत उभं राहून बेंबीच्या देठापासून काढलेली असते. मावशीचा नेम असा की मरणाची किंकाळी दिली की बाहेर पडायच्या आधी माइकवर स्वतःचं नाव सांगायचं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शांतपणे. तिला हे तिच्या गुरुबाईंनी शिकवलं होतं. नंतर रेकॉर्डिस्ट ते कापून टाकायचा.

"कशाला गं हे?" भाचीनं एकदा विचारलं होतं.

"आत गेलेला परत आला, हे सांगायला नको? तेवढ्यापुरते मरतोच ना आपण आत. मग नाव सांगून बाहेर ये." आणि डोळे मिचकावून मावशी म्हणाली होती, "आपलंच सांग हं. दुसऱ्याचं सांगशील तर तो बाहेर येईल आणि तू बसशील आत."

तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

तर त्या दुपारी भाची स्टुडिओत पोचली. रस्त्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. आत मात्र नेहमीसारखा गारवा, जाड गालिचा आणि काचेपलीकडची ती रेकॉर्डिंगची खोली. तिला खिडकी नाही. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दार बंद केलं की बाहेरचं जग कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. भर दुपारीही तिथं एका छोट्या दिव्यापुरताच उजेड असतो. रेकॉर्डिस्टदादा काचेच्या अलीकडे बसला होता. इतकी वर्षं ओळख, पण त्यानं वर पाहिलं नाही.

"दादा, शेवटच्या दिवशी काय झालं होतं?" भाचीनं विचारलं.

हे विचारायचं कारण होतं. मावशी रेकॉर्डिंग करून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी उठली तर आवाज नाही. बसलेला नाही, घोगरा नाही, नाहीच. डॉक्टरांनी घसा तपासला, सगळं ठाकठीक निघालं. मावशी नुसती तोंड उघडायची, श्वास घ्यायची, आणि पुढे काही नाही. तशीच मिटत गेली. भाची उशाशी बसून होती. मावशी तिचा हात धरून काहीतरी सांगू बघायची, पण ओठ हलायचेच नाहीत नीट.

दादानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मरणाचे आवाज चालले होते. एक झाला, आणि साहेबांनी रेकॉर्डिंग बंद करायचं बटण दाबलं. पुढचे लोक खोळंबलेत म्हणाले. मावशी आतून म्हणाली, माझं नाव राहिलं. साहेब म्हणाले, कापायचंच असतं ते, कशाला वेळ घालवता... झालं, बाहेर या. मी चालू करणार होतो गं. त्यांचा हात होता बटणावर."

"मग?"

"मग काय. हेडफोन हातात धरून उभी राहिली जरा. आणि आली बाहेर." त्यानं काचेपलीकडे पाहिलं. "आली का, कुणास ठाऊक."

भाचीच्या अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त तिला संताप आला. बाई आयुष्यभर त्या खोलीत घसा फोडत राहिली, आणि स्वतःचं नाव घ्यायला हे लोक तिला एक श्वास देईनात.

साहेब आले. तरुण माणूस, बोलायला लोण्यासारखा मऊ. "मॅडम, अगदी मावशींसारखंच हवंय हं. मुलांना फरक कळता कामा नये."

"देते," भाची म्हणाली. "पण शेवटच्या पाटीवर तिचं नाव टाका."

"तसं आहे बघा, मुलांना वाटतं लुडबुड्या स्वतःच बोलतो. नाव टाकलं की जादू जाते."

"कुत्र्याचं नाव टाकलंत तेव्हा नाही गेली जादू?"

दादाला खोकला आला. साहेब मात्र हसले. असल्या लोकांना लाज नसते, हसू असतं. "तुम्ही आज सगळे आवाज पूर्ण करून द्या. बघू आपण नावाचं."

बघू म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. भाचीलाही ठाऊक होतं. पण मावशीसाठी दुसरं काय करता येणार होतं तिला? ती आत गेली. दार बंद झालं.

आत ज्येष्ठमधाचा वास येत होता. मावशी गालात ज्येष्ठमधाची काडी धरायची. इतक्या दिवसांनी खोलीत तो वास कसा राहील? भाचीनं हेडफोन कानाला लावले. समोरच्या छोट्या पडद्यावर लुडबुड्या फांदीवर उभा होता. फांदी मोडली. भाचीनं श्वास घेतला आणि किंकाळी दिली.

थोड्या वेळानं दादाचा आवाज आला. "भाची... दोनदा श्वास नको घेऊस."

"एकदाच घेतला."

"दोन आहेत गं. एक तुझा, आणि त्याच्या जरा आधी... एक."

पुन्हा केलं. ह्या वेळी तिनं कान देऊन ऐकलं. पडद्यावर फांदी हलली, आणि भाचीनं छाती भरायच्या आधी हेडफोनमध्ये, अगदी डाव्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतला. लहान, नाकातून, घाईचा. पिल्लाचा श्वास. तो घ्यायला मावशीनं तिला महिनोन्महिने शिकवलं होतं आणि तो भाचीला कधीच नीट जमला नव्हता. मग किंकाळी तिच्या तोंडून निघाली, पण घशाला काही कळलंच नाही. कुणीतरी हात धरून अक्षर गिरवून घ्यावं तशी ती निघून गेली.

"व्वा," साहेब काचेपलीकडून म्हणाले. "हुबेहूब मावशी."

दादानं कानावरचे हेडफोन काढले, पुसले आणि पुन्हा लावले.

बुडण्याचा आवाज झाला. बोक्याचा झाला. प्रत्येक किंकाळीनंतर खोलीत एक बारीकशी चाहूल व्हायची. ओठ सुटतात तसा आवाज. कुणीतरी बोलायला तोंड उघडलंय आणि पुढचं येत नाही. काचेपलीकडे दादासमोरचा, आवाज मोजणारा काटा जरासा उठायचा आणि पडायचा. भाचीला भीती वाटत होती. पण त्या अडलेल्या आवाजात काय अडलंय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? मावशी नाव सांगू बघत होती. त्या दिवसापासून ती ह्या गाद्यांच्या खोलीत उभी राहून तेवढंच करत होती, आणि बाहेर हे लोक चहा पीत होते.

शेवटची किंकाळी झाली. साहेबांचा आवाज आला, "झालं. बाहेर या."

"नाव राहिलंय," भाची म्हणाली.

"तुमचंही तेच का? अहो, कापायचंच असतं ते..."

भाचीचं डोकं फिरलं. रागाच्या भरात माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो. तिनं काचेतून दादाकडे पाहिलं. साहेबांचा हात पुढे येत होता. ह्या वेळी दादानं बटणावर स्वतःचा पंजा ठेवला आणि तो हलला नाही. भाची माइकजवळ गेली आणि तिनं नाव घेतलं. मावशीचं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

आवाज मावशीचा आला. लुडबुड्याचा नव्हे, मावशीचा स्वतःचा, थोडा थकलेला, घरी बोलायची तसा. खोलीतून ज्येष्ठमधाचा वास गेला. दादा खाली मान घालून डोळे पुसत होता. भाचीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की स्वतःचं नाव सांगायचं राहूनच गेलं.

ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. लेकीला उठवायला तिनं तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि पुढे काहीच नाही.

गेम आठवडाभरात बाजारात आला. शेवटच्या पाटीवर कुत्रा होता, मावशी नव्हती. पण पोरं खेळायला लागली आणि गंमत झाली. लुडबुड्या फांदीवरून पडला, किंकाळी आली, आणि तिच्या मागोमाग एका म्हाताऱ्या बाईनं शांतपणे आपलं पूर्ण नाव सांगितलं. बुडाला, पुन्हा नाव. बोक्यानं धरला, पुन्हा नाव. घरोघरची पोरं विचारायला लागली, ही कोण? ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं, हीच तर लुडबुड्या. गल्लीत पोरं खोटं खोटं मरायची आणि मावशीचं नाव घेऊन उठायची. साहेबांनी ते कापायला लावलं. कापलं की पुन्हा यायचं. दादा म्हणे त्यांना म्हणाला, "कापायचंच असतं ते, कापा की."

भाची अंथरुणात पडून शेजारच्या घरातून येणारं ते नाव ऐकायची आणि आवाज न करता हसायची. तिचा श्वास पुरेनासा झाला होता. डॉक्टर म्हणाले, सगळं ठाकठीक आहे.

एकदा दादा तिला स्टुडिओत घेऊन गेला. साहेब नव्हते. माइक चालू करून तो म्हणाला, हवा तितका वेळ घे. भाची उभी राहिली, तोंड उघडलं, श्वास घेतला. हेडफोनमध्ये तिला साहेबांचा मऊ आवाज ऐकू आला, "झालं. बाहेर या." तिनं हातांनी दादाला खुणावलं, कोण बोललं? त्यानं मान हलवली. स्टुडिओत त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. मग दादा स्वतःच आत आला आणि म्हणाला, "मी सांगतो तुझं नाव. माझं काय, पिकलं पान. किंकाळी काय मलाही येते." भाचीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि तो कबूल होईपर्यंत काढला नाही.

लेकीला तिनं यातलं काही कळू दिलं नाही. सांगायला आवाज नव्हता, आणि लिहून सांगावं असं हे नव्हतं. पोर आधीच घाबरलेली. आईला बरं नाही, एवढंच तिला माहीत.

शेवटी साहेबांनी नामी युक्ती काढली. त्यांनी गेममधले सगळे मरणाचे आवाज काढूनच टाकले आणि पोरांनाच सांगितलं, लुडबुड्याला तुमचा आवाज द्या. माइक लावा, ओरडा, पुढच्या वेळी पिल्लू तुमच्या आवाजात मरेल. आवाजाची माणसंच नकोत, म्हणजे नावाची कटकट नाही. पोरांच्या उड्या पडल्या. कुणाच्या बापाचं काय गेलं?

त्या दुपारी भाची पडल्या पडल्या छताकडे बघत होती. बाहेरच्या खोलीत लेक कॉम्प्युटरपुढे बसली होती, कानाला मोठे हेडफोन, तोंडापुढे माइक. भाचीला वाटलं, गाणं ऐकत असेल. एवढ्यात किंकाळी आली.

भाची ताडकन उठून बसली. ते नुसतं पोरासोरांचं ओरडणं नव्हतं. ती बेंबीच्या देठापासून आलेली, शेवटाला नेमकी चिरकणारी, खरी किंकाळी होती. पोरीनं इतकी वर्षं मावशीआजीच्या मांडीवर बसून ऐकलं होतं, ते सगळं त्यात होतं. क्षणभर भाचीला अभिमान वाटला. मग तिला पुढचं ऐकू आलं. लेकीनं श्वास घेतला आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, आईचं नाव सांगितलं. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट.

भाचीच्या घशात काहीतरी सुटलं. "नको," ती ओरडली, आणि तिचा आवाज घरभर घुमला. स्वच्छ, भरलेला, पूर्वीसारखा. तिनं स्वतःच दचकून तोंडावर हात धरला. मग धडपडत बाहेर आली.

लेकीनं हेडफोन काढून ठेवले होते. आईचा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला होता. समोर पडद्यावर लुडबुड्या उभा होता आणि खाली अक्षरं आली होती: झालं, धन्यवाद. माइकचा लाल दिवा विझला होता.

"काय केलंस? कुणी सांगितलं तुला?" भाचीनं तिचे खांदे धरले. "बाळा, तुझं नाव सांग. आत्ता. आधी तुझं नाव सांग."

लेक गोंधळून आईकडे बघत राहिली. शेवटच्या पाटीवर आईचंही नाव नव्हतं, म्हणून पोरीला राग आला होता. मावशीआजीचं नाव सगळ्यांना कळलं, मग आईचं का नाही? तिच्या लेखी हिशोब सरळ होता. तो राग तिनं आईकडूनच घेतला होता.

"सांग ना गं..." भाची पुटपुटली. "नुसतं नाव... एवढं एक..."

लेकीनं मान डोलावली. तिनं तोंड उघडलं आणि श्वास घेतला. लहानसा, नाकातून, घाईचा.

तो श्वास दोघींनी ऐकला. तो कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून आला होता.